माझ्या नावाचं ताट

२ मार्च १९९७, नोएडा
आलो बाई एकदाचे! करोल बागेतल्या कोंदट खोलीतून सुटका. इथे दोन खोल्या, बाल्कनी, समोर अर्धवट इमारती आणि मोहरीचं शेत. गुणवंतने पलंगाआधी फ्रिज लावला, नवऱ्याला माझ्या इंजेक्शनांची काळजी! माझं स्वादुपिंड किती वर्षांचं सुजलेलं. आता त्याचा रस पोटात झिरपतो आणि पोट फुगतं. म्हणून दिवसातून तीनदा हार्मोनचं इंजेक्शन. त्याने रस कमी होतो, गळती बुजायला वेळ मिळतो. तोवर तोंडाने काही नाही, नाकातल्या नळीतून अन्न थेट आतड्यात. दोन आठवड्यांत पोट उतरलं नाही तर ऑपरेशन; ते मला झेपेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत. बघून घेईन. सुई माझी मीच टोचते. पोटाचा घेर चाळीस इंच.

५ मार्च
साडेअडतीस! सासूबाई मदतीला नागपूरहून आल्यात. घरात माणूस आहे तर त्याचं ताट वाढायचंच, हा त्यांचा हट्ट. मी गिळू शकत नाही, तरी दुपारी स्वयंपाकघरात माझं ताट मांडतात: वरणभात, भाकरी, ठेचा. मग ते गायीला घालतात. म्हटलं, वाढा, तेवढंच तुम्हाला बरं वाटेल. वासाने मात्र जीव कासावीस होतो.

८ मार्च
एकेचाळीस. एकही इंजेक्शन चुकलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारलं, चोरून खाल्लंस का? डोकंच फिरलं माझं! सासूबाई मात्र खूश. म्हणाल्या, आज ताट चाटूनपुसून साफ केलंस, अशीच जेवत जा. मी तर पलंगावरून उठलेच नव्हते.

९ मार्च
गुणवंत म्हणाला, अगं मांजर असेल यार. मांजर ठेचा खातं?

१० मार्च
दुपारी दाराआडून पाहिलं. ताटावर कुणीतरी बसली होती, पाठमोरी. माझी हिरवी साडी. माझी वेणी. सासूबाई तिला समता म्हणून आग्रह करत होत्या. माझ्या नावाने! तिने घास घेतला — माझ्या पोटात कळ. दुसरा घास — पुन्हा कळ.
भ्याले. खूप भ्याले. पण ताट माझं आहे.

११ मार्च
ताट बाल्कनीतून भिरकावलं. सासूबाई रडल्या. डोळे पुसून दुसरं वाढलं. घेर चव्वेचाळीस. श्वास लागतो.

१२ मार्च
दुपारचं इंजेक्शन फ्रिजमध्ये नाही. सासूबाई म्हणाल्या, आत्ताच तर टोचून घेतलंस.
गुणवंत दारात आला. माझ्याकडे पाहिलं. आईला विचारलं, ही कोण आजारी बाई आणून झोपवलीय —
ओरडले. समता आहे मी! त्याने दार लोटून घेतलं.

१३ मार्च
नळी उपटली. खाल्लं तर मरेन, ठाऊक आहे. मरेन तर माझ्या ताटावर मरेन. तिच्या हवाली नाही करणार, नवरा नाही, नाव नाही —
बसलेय. तिच्या मांडीला मांडी लावून. वही मांडीवर. तिचा हात धरलाय — गरम आहे. माझाच गार. सोडणार नाही.
सासूबाई तुपाची वाटी घेऊन थांबल्यात. दोघींकडे बघतायत. एकदा तिच्याकडे — एकदा —
इकडे, सासूबाई. इकडे वाढा. समता इकडे आहे, इक