राजूचा टॉवेल

परभणी,
६ मे

शरणु शरणार्थी, राजूभाऊजी.

माझी जाऊबाई अनुपमा कशी आहे? पाथरीत नळाला पाणी येतं का वेळेवर? आमच्याकडे सगळे मजेत. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. पत्र काही कट करता येत नाही.

बातमी अशी की तुमचे दादा योगाला जायला लागले आहेत. हसू नका. साठी उलटलेला माणूस पहाटे चटई बगलेत मारून निघतो आणि कॉलनीच्या मैदानावर योग शिकवणाऱ्या पेडगावच्या राणीचं मुकाट्यानं ऐकतो. लग्न झाल्यापासून माझं एक ऐकलं नाही, पण ती पोरगी "काका, बोटं फाकवा" म्हणाली की लगेच पायाची बोटं फाकवतात.

राणीचा सगळा भर पायांवर. उभं राहताना अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच, तिन्हींवर सारखं वजन हवं म्हणते. आधी घोटे गोल फिरवून मोकळे करायचे, मग भिंतीला धरून टाचा सावकाश उचलायच्या. जमिनीवर टॉवेल पसरून तो नुसत्या पायाच्या बोटांनी ओढायचा. पाय बळकट असले की आसनात घोटा मुरगळत नाही. यांचा मुरगळलाच! घरी सराव म्हणून गादीवर वृक्षासन केलं. मऊ गादी, एक पाय, वर जोडलेले हात, आणि वृक्ष सरळ कपाटावर. राणीनं चांगलं झापलं. आसन टणक जमिनीवर, भिंतीजवळ, आणि दुखलं की थांबायचं.

टॉवेलवरून आठवलं. सरावाला मी कपाटातला नवाकोरा टॉवेल काढून दिला, तर माझ्या अंगावरच आले.

"त्याला पाय लावायचा न्हाई. राजूचा हाय त्यो."

म्हणजे आमच्या रुद्राणीच्या लग्नातली तुमच्या आहेराची टॉवेल-टोपी. अजून तशीच घडी करून ठेवली आहे. माइकवर साऱ्या सोयऱ्याधायऱ्यांची नावं पुकारली आणि पोरीच्या सख्ख्या चुलत्याचंच नाव राहिलं. तुम्ही तेव्हा मागे पंगतीत बुंदी वाढत होता. राग आला, यात नवल नाही. पण न जेवता गेलात आणि पुन्हा या घरात पाऊल टाकलं नाहीत, त्याचा राग मलाही आहे. झाली फिटंफाट.

बरं, पायांचं सांगत होते. दादा हल्ली चप्पल घालत नाहीत. दुकानात अनवाणी, बाजारात अनवाणी, या उन्हात डांबरावरसुद्धा. विचारलं की म्हणतात, "योगात सांगितलंय. पाय मजबूत व्हायलेत." मी सरळ राणीला गाठलं. तिनं कपाळाला हात लावला.

"काकू, मी कवा म्हनले? आसनापुरतं अनवाणी! काकांची टाच सुजायलीय. मऊ तळव्याची चप्पल घाला म्हनून मीच मागं लागलेय त्यांच्या."

डॉक्टरही तेच म्हणाले. तळव्याला फोड आले आहेत, सकाळी पहिलं पाऊल टेकताना यांचा चेहरा बघवत नाही. असंच चाललं तर लंगडं व्हायची पाळी येईल, असं तोंडावर सांगितलंय त्यांनी. तरी आमचे महाराज ऐकत नाहीत. योग हा नुसता बहाणा आहे, भाऊजी.

खरं काय ते मला ठाऊक आहे, पण सांगायचं नाही. सांगितलं की नवस फळत नाही, म्हणतात. यांनी मलाही सांगितलेला नाही. पण यांना ऐकायला कमी येतं हे तुम्हाला माहीत आहे. आपण पुटपुटतोय असं यांना वाटतं, तेव्हा शेजारच्या कस्तुराबाईलासुद्धा ऐकू जातं. पूजेला बसले होते, तळहातावर इष्टलिंग, डोळे मिटलेले. काय म्हणाले ते मी स्वयंपाकघरात ऐकलं आणि तव्यावरची पोळी करपली. त्यात तुमचं नाव होतं, आपल्या उंबऱ्याचं होतं आणि चपलेचं होतं. यापुढे मी एक अक्षर लिहिणार नाही. तुम्ही शहाणे आहात.

मऊ तळव्याची चप्पल मी आणून दाराआड ठेवली आहे. टॉवेल-टोपी कपाटात आहे. रविवारी अनुपमाला घेऊन सकाळच्या एसटीनं या. माइक नाही, पण तुमचं नाव मी पुकारीन, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. घर तुमच्यावाचून सुनं वाटतं हो. तुमच्यासारखं यांना चिडवणारं दुसरं कुणी नाही, आणि माझ्या एकटीच्यानं ते काम होत नाही.

रविवारी दारात उभी असलेली,
तुमची गौरावहिनी

ता. क. पत्राची घडी घालत होते तर हे मागे येऊन उभे राहिले. "कुणाला?" म्हणाले. मी म्हटलं, "राजूभाऊजींना. तुमच्या योगाचं लिहिलंय." यांनी चष्मा शोधला, कोरं पाकीट माझ्या हातातून ओढून घेतलं आणि लिहायला बसले. पत्ता मी घातलेला नाही, भाऊजी. अक्षर तुम्ही ओळखलंच असेल.