यमुनेचे धवले आणि टीव्हीचा डबा

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी दिनेशला पनवेलला फोन लावला. त्याचा खोकला कसा, सूनबाईची कंबर कशी, नातीचा ताप उतरला का, तिच्या आजोळच्या म्हातारीचे डोळे काय म्हणतात, एकेकाचं विचारून घेतलं. सगळी बरी. मग तो म्हणाला, आता आईचं सांगा. सांगायला काय, आहे तशीच आहे. उजवा हात खांद्यापर्यंत उचलते. बोलणं मात्र तेवढंच. "ते... ते..." आणि मग डोळ्यांत पाणी.

डीव्हीडीचं यंत्र मेलं तेही सांगितलं. काल उघडून पाहिलं तर आतल्या तारांना हिरवा खार चढलेला. समुद्राच्या दारात लोखंडाचं आयुष्य ते किती. पण त्यालाच पेनड्राइव्ह लावून यमुना आपल्या धवल्यांचा, लग्नात गायच्या गाण्यांचा, व्हिडिओ बघत होती. अलिबागच्या बाईंनी (अर्धांगाच्या झटक्यानंतर बोलायला शिकवतात त्या) मुद्दाम सांगितलंय की बोलणं गेलं तरी गाणं कधी कधी शाबूत राहतं, त्या वाटेने शब्द परत येतात. स्वतःचा आवाज रोज ऐका काकू, सोबत गुणगुणा.

कोळीवाड्यातल्या लग्नांत चाळीस वर्षं ही धवलारीण. हळद हिच्या तोंडून सुरू व्हायची नि वरात हिच्या तोंडून निघायची. भटजी उशिरा आला तर चालायचं, यमुना नाही तर मांडवात कोणी हळदीचं बोट बुडवायचं नाही. आणि एवढ्या वर्षांत व्हिडिओ म्हणाल तर एक.

दिनेश म्हणाला, बाबा, डीव्हीडी आता कोण वापरतं. नेटवरचं सगळं टीव्हीवर दाखवणारा प्लेअर मिळतो, पाठवतो. म्हटलं पाठव.

८ नोव्हेंबर, शनिवार

पार्सल आलं. बोटाएवढी कांडी, टीव्हीच्या पाठीला खोचायची. सोबत रिमोट. कागदावरचं इंग्रजी भिंग लावून वाचलं. इंजिनाच्या पुस्तकावरून अक्षरं शिकलो ती अशी कामाला येतात. दोन तास गेले पण चित्र आलं.

तर पेनड्राइव्ह लावायला भोकच नाही.

दिनेशला सांगितलं तर म्हणाला, नेटवर शोधा, सगळं असतं. आणि आईला बटणंसुद्धा दाबायला नकोत म्हणून मुद्दाम माइकवाला रिमोट घेतलाय, काय पाहिजे ते नुसतं बोलायचं.

पोरगा चांगला आहे. मायेने पाठवलंय. पण काय पाठवलंय ते त्याच्या ध्यानात आलं नाही, आणि माझ्याही आलं नाही. हिच्या हातात रिमोट दिला, बटण दाखवलं. हिने तोंडाशी नेऊन म्हटलं, "ते..." टीव्ही थांबला. पुन्हा "ते... ते..." पडद्यावर आलं, समजलं नाही, पुन्हा बोला. हिने पुन्हा केलं. चार वेळा यंत्राने तेच सांगितलं. मग रिमोट मांडीवर उलटा ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

जेवली नाही.

९ नोव्हेंबर

दिनेशला काही बोललो नाही. कांडी छान आहे म्हटलं. खोटं बोललो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

अलिबागला गेलो. हिच्याजवळ शेजारची जनाबाय बसली होती. तीन दुकानं पालथी घातली. एकात विचारतात फोर-के पाहिजे का, दुसऱ्यात विचारतात किती जीबी. बोटीचं इंजिन घेताना माझे वडील ताकद कधी विचारायचे नाहीत, भर समुद्रात बंद पडलं तर मला उघडता येईल का, एवढंच विचारायचे. मीही तेच धरून बसलो. पेनड्राइव्ह लागतो का? नेट गेलं तरी चालतो का? (आमच्याकडे वारा आला की नेट जातं.) रिमोटवर न बोलता भागतं का?

तिसऱ्या दुकानातला पोक्त होता. म्हणाला, "आजोबा, तुम्हाला नवं नको, तुम्हाला तुमचंच पाहिजे." एक काळा डबा काढला, वडीच्या डब्याएवढा. पाठीला दोन भोकं. रिमोटला मोठी बटणं. माझाच पेनड्राइव्ह लावून दाखवला. दुकानाच्या मोठ्या पडद्यावर यमुना, हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, मांडवात बसून गातेय. गिऱ्हाइकं थांबली. मी जरा बाहेर जाऊन उभा राहिलो.

१२ नोव्हेंबर

चालू आहे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. ती ओठ हलवते.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज शब्द आला. पहिल्या हळदीच्या धवल्यात व्हिडिओतली यमुना थांबते तिथे ही खुर्चीतली यमुना थांबली नाही, पुढे गेली आणि म्हणाली, "हलद." स्पष्ट. जनाबाय दारात सुपलीत सोडे निवडत होती, ती उठूनच आली. "हलद बोलली गो बाय. आता आमचं नाव घे." नाव नाही आलं, पण हसली. अडीच महिन्यांनी हसली.

अलिबागच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, हे सोडू नका, एक दिवससुद्धा चुकवू नका.

दिनेशलाही सांगितलं. तो रडला की काय कोण जाणे, सर्दी झालीय म्हणाला. पेनड्राइव्हची कॉपी करून ठेवायला पाहिजे म्हणाला. दर वेळी म्हणतो. पुढच्या वेळी आल्यावर करतो म्हणाला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दोन दिवस वारा पश्चिमेचा, खारट. खिडकीच्या गजांना हात लावला तर चिकट. मनात आलं, डीव्हीडीचं झालं ते याचं नको व्हायला. बोटीवर वायरलेस असतो, मासळी दाखवणारं यंत्र असतं, सगळ्यांना आम्ही काय करतो? जाड प्लॅस्टिकची पिशवी, वर ट्यूबच्या रबराचे वेढे. आत खार जाता कामा नये. तीस वर्षं माझा वायरलेस कधी बिघडला नाही. तसाच बांधला डबा. पेनड्राइव्ह आतच राहू दिला, रोज काढघाल नको. रिमोट पिशवीतूनही लागतो, बघून घेतलं.

काम चोख झालं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

करायला गेलो गणपती नि झालं माकड.

संध्याकाळी हिचं गाणं लागलं आणि मधेच चित्र थिजलं. मग काळं. जवळ गेलो तर पिशवीतून जळक्या रबराचा वास. सोडली तर डबा तापलेल्या तव्यासारखा. पेनड्राइव्ह काढताना बोटाला चटका बसला.

हिने विचारलं, म्हणजे भुवयांनी विचारलं. म्हटलं, नेट गेलंय. नेटचा आणि त्याचा संबंध नाही हे हिला काय माहीत.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा अलिबाग. दुकानदाराला पिशवीसकट दाखवलं, लपवलं नाही. तो हसला नाही हे त्याचे उपकार. म्हणाला, "आजोबा, याला श्वास लागतो. आतली गरमी बाहेर जायला ही बारीक भोकं." दुसरा डबा दिला. पण पेनड्राइव्ह त्याच्या कॉम्प्युटरला लागला नाही. शेजारच्या मोबाइलवाल्याकडेही नाही. मुंबईला पाठवून बघता येईल म्हणाला, पण भरवसा देत नाही.

घरी आल्यावर जनाबायला तेवढं सांगितलं. कोणाला तरी सांगायला हवं होतं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "भावजी, सुकत घातलेला बोंबील पन वारा मागतो. तुमी त्या डब्याला गुदमरवला." खरं आहे. बोटीवरचा वायरलेस उघड्या वाऱ्यात असतो, म्हणून त्याला पिशवी सोसते. घरात टीव्हीखालच्या फडताळात कुठला वारा. एवढं आयुष्य वाऱ्यात काढलं आणि नेमका वाराच विसरलो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

नव्या डब्याला नेट जोडून धवले शोधले. आहेत, शेकड्याने आहेत. कुणाकुणाच्या मांडवातले, बाया चांगल्या गातात. हिला लावून दिले. पहिल्या ओळीला कान दिला, दुसऱ्या ओळीला मान हलवली. आपली चाल नाही ती. प्रत्येक गावाचा धवला वेगळा वळतो. हिची जोडीदारीण होती, मागून ओळ ओढणारी, ती चार वर्षांपूर्वी गेली. वाड्यात आता ही चाल दुसऱ्या कोणाच्या गळ्यात नाही. पोरी डीजेवर नाचतात, शिकायला कोणी बसली नाही.

जगातलं सगळं त्या डब्यात येतं. हिचं तेवढं येत नाही.

२५ नोव्हेंबर

"हलद" म्हणवून बघितलं. "ते."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

बाईंकडे जाऊन आलो. व्हिडिओ ऐकताय ना रोज? मी हो म्हटलं. यमुना माझ्याकडे बघत होती. तिला बोलता येत नाही म्हणून माझं खोटं खपलं, ही लाज कुठे ठेवू.

परतताना रिक्षात तिने माझ्या बोटावरची चटक्याची खूण दाबली. मी सांगून टाकलं. डबा मी बांधला, पेनड्राइव्ह मी जाळला. तुझं गाणं माझ्या हाताने गेलं. किहीमचा फाटा आला. तिथे ती म्हणाली,

"मनी."

नवा शब्द. दुसऱ्या कोणत्याही दिवशी मी रिक्षा थांबवून पेढे घेतले असते. आज मला कळलं नाही असं दाखवलं. तिला कळलं की मला कळलंय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

झोप नाही. लिहूनच टाकतो.

मनी म्हणजे मनीषा, माझ्या धाकट्या भावाची मुलगी. आईबाप लवकर गेले, आमच्याच घरात वाढली. तो व्हिडिओ तिच्याच लग्नातला. एक कॉपी आम्हाला, एक तिला. लग्नाला सहा वर्षं झाली. दोन वर्षांनी ती एका दुपारी बॅग घेऊन दारात उभी राहिली. गालावर वळ होता. मी पाहिला. आणि तरीही म्हटलं, संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतं, पाहुण्यांत माझं नाक कापू नकोस. तिला पाणी द्यायच्या आधी मी रिक्षा बोलावली. यमुना पदर धरून आडवी आली होती, तिला मी बाजूला केलं.

मनी पुढे आठ महिन्यांनी स्वतःच्या पायाने तिथून निघाली. आमच्याकडे आली नाही. बोर्ली पंचतनला खोली घेऊन शिवणकाम करते. मी समुद्रावर असायचो तेव्हा यमुनेला फोन करायची, हे मला ठाऊक होतं. यमुना इस्पितळात होती तेव्हा दोन रात्री उशाशी बसली. माझ्याशी एक शब्द नाही.

तिच्याकडे मी काय मागायचं? ज्या मांडवात तिचं वाटोळं झालं त्या मांडवाचा व्हिडिओ.

३० नोव्हेंबर, रविवार

दिनेश आला होता. तो म्हणाला, मी फोन करून मागतो, तुम्ही कशाला त्रास घेता. मनी मला नाही म्हणणार नाही. सोपं होतं. मी हो म्हणणार होतो. यमुनेने डाव्या हाताने त्याचा फोन खाली दाबला आणि माझ्याकडे बोट केलं.

दिनेशला वाटलं आई गोंधळलीय. गोंधळलेली नाही ती.

१ डिसेंबर, सोमवार

मनीला तीनदा फोन. उचलत नाही. जनाबाय म्हणाली, तिच्या जागी मी असते तर नंबर फेकून दिला असता. म्हटलं, तू माझ्या बाजूची की तिच्या? म्हणाली, "मी यमुनेच्या."

३ डिसेंबर, बुधवार

यमुनेला समोर बसवून पत्र लिहिलं. तिला वाचून दाखवलं, दोन ठिकाणी तिने होकाराची मान हलवली नाही, ते खोडलं. तेव्हा वेळच तशी होती असं कारण दिलं होतं आणि पाहुण्यांचं कारण दिलं होतं, ती दोन ठिकाणं. उद्या पोस्टात टाकणार. इथे उतरवून ठेवतो.

"चि. मनीषा,

तुझी तब्येत कशी आहे? मशीन चालवून पाठ धरते असं काकीला म्हणाली होतीस, ती आता कशी?

त्या दुपारी तुला मी परत पाठवलं ते माझं चुकलं. तुझा गाल मी पाहिला होता. पाहिला नाही असं आजवर सगळ्यांना सांगत आलो, ते खोटं. हे घर तुझं आहे. हे काही मागायचं होतं म्हणून लिहितोय असं तुला वाटेल, आणि खरंच मागायचंही आहे, म्हणून आधी हे लिहिलं.

काकीच्या धवल्यांचा व्हिडिओ माझ्या हातून जळाला. तो ऐकून तिला एक शब्द आला होता, तो मागे गेला. नंतर दुसरा आला, तुझं नाव. तुझ्याकडे कॉपी असेल तर त्यात तो माणूस आहे, ते घर आहे, ते मी जाणतो. तेवढं कापून फक्त काकीचा आवाज पाठवलास तरी पुरे. पाठवायचा नसेल तर नको पाठवू. फेकून दिला असशील तर तुझं काही चुकलं नाही, तसं लिही.

मला नाही लिहिलंस तरी चालेल, काकीच्या नावाने लिही. वाचून मीच दाखवीन, एक अक्षर गाळणार नाही. पण मने, लवकर लिही.

तुझा काका"