बाइंडिंगच्या खोलीतलं रेकॉर्डिंग

४ मार्च
ग्रंथपाल म्हणून रुजू झाले एकदाची! वाचनालय छोटंसं, पण लखलखीत. शिपाईकाकांनी एकेका कपाटाची ओळख करून दिली, जणू घरचीच माणसं. मागच्या खोलीत बाइंडरमावशी फाटकी पुस्तकं शिवतात. वाचक मोजून नऊ, त्यातले चार पंख्याखाली डुलक्या काढणारे.

९ मार्च
पॉडकास्ट हे प्रकरण मला माहीतच नव्हतं. भाचीनं फोनवर लावून दिलं आणि भांडी घासता घासता मी तीन भाग ऐकले. मग डोक्यात किडा वळवळला, आपल्या वाचनालयाचा का नको? वाचकांच्या आठवणी, पुस्तकांच्या गोष्टी. नजर अधू झालेल्यांना घरबसल्या ऐकता येईल. अध्यक्ष हो म्हणाले, वर बजावलं की ऐकणारे मिळाले नाहीत तर गाशा गुंडाळायचा.

१७ मार्च
बाइंडिंगच्या खोलीत कागदांच्या थप्प्या, त्यामुळे आवाज घुमत नाही. रेकॉर्डिंगचं यंत्र तिथंच मांडलं. मावशी तासभर खळ, सुई, दोरा यांवर झकास बोलल्या. मग म्हणाल्या, आता बंद कर. मी हो म्हटलं. केलं नाही.

चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या बहिणीला परगावच्या नोकरीचं पत्र आलं होतं. ती गेली तर आपण एकट्या पडू, म्हणून मावशींनी ते चुलीत घातलं. दोघी आजही एकाच घरात राहतात. धाकटीला पत्ता नाही. सांगताना मावशी ढसाढसा रडल्या, आणि मी शहाणी यंत्राचा लाल दिवा बघत बसले.

२१ मार्च
टाकला भाग. रडण्यासकट. चारशे जणांनी ऐकला! अध्यक्षांनी पाठ थोपटली. मावशी कामावर आल्या नाहीत.

६ एप्रिल
मावशी गेल्या. भाग ऐकल्यावर धाकटीनं बोलणं टाकलं, मावशींनी अन्न. मी सगळ्यांना सांगितलं की यंत्र बिघडलं होतं, आपोआप चालू राहिलं. लोकांनी उलट माझीच समजूत काढली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ एप्रिल
नवा भाग आलाय. मी टाकलेला नाही. आधी कागदातून सुई जातानाचा आवाज, मग माझा. काल घरी नवऱ्याला सांगत होते तेच, की सगळं यंत्रावर ढकललं आणि सुटले. पण यंत्र तेव्हा इथं कपाटात, कुलपात होतं. भाग पुसला.

१० एप्रिल
परत आलाय. शिपाईकाकांनी ऐकला. आज माझ्याकडे न बघताच चहा ठेवून गेले.

११ एप्रिल
यंत्र फोडलं. तुकडे केराच्या डब्यात. दिवा अजून लाल —

१२ एप्रिल
सकाळचे अकरा. धाकटी आलीय. समोर बसलीय, तिचा फोन टेबलावर. तिनं एवढंच विचारलं की दिवा चालू दिसला होता का. मी नाही म्हणणार होते — लाज वाटते, पण अजूनही नाहीच म्हणणार होते —

उत्तर फोनमधून आलं. हो, दिसला होता. माझ्याच आवाजात.

फोन बोलायचा थांबत नाहीये. वाचक उठून जवळ आलेत. धाकटीनं आवाज वाढवला —

हे तर मी कुणाशी बोललेच नव्हते. नुसतं मनात आलं होतं. डाव्या हातानं तोंड दाबून धरलंय, तरी ओठ हलतायत — मावशी गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते — बरं झालं, आता तो भाग काढून टाक म्हणायला कुणी —