कानामागच्या जटेला हळद

मंगळवार, संध्याकाळ

जटा मी हौसेनं वाढवतेय. तेल नाही, कंगवा नाही. धुऊन कोरड्या करायच्या आणि मुळाशी एकमेकींत गुंतल्या तर बोटांनी सोडवायच्या, बस. तीन महिने आई रोज भांडली. आठवडाभर मात्र गप्प आहे. काहून?

आज कानामागच्या जटेला हळद दिसली.

"भाजी करून राहिली होती वं, हात लागला असन," आई म्हणाली.

भाजीनं अख्खा हात माखतो. हिचं फक्त हळदी-कुंकू लावायचं बोट पिवळं!

तेवढ्यात शेजारच्या काकू नारळ घेऊन आल्या आणि थेट माझ्या पाया पडल्या.

"देवीची जट कधी निघाली वं पोरीले?" त्यांनी आईला विचारलं.

वाटलं, आता तरी खरं सांगेल. आईनं पिवळं बोट पदरात लपवलं आणि न अडखळता जट निघाल्याचा वार सांगितला.