माहेरच्या गाडीचा अडकलेला स्टड

दारव्हा,
दसऱ्यानंतरचा रविवार

श्रीयुत दिगंबरराव यांना,

तुमच्या घरच्या जावयाचा, कमलाकरचा, वाकून नमस्कार. (जावयानं वाकू नये असा प्रघात आहे हे मी जाणतो. पण गेले कित्येक दिवस इंजिनावर ओणवा राहिल्यामुळे मी सध्या वाकलेलाच आहे. तेव्हा नमस्कार आपोआप घडतो आहे असं समजून तो स्वीकारावा.) तुमची साखर आटोक्यात असेल, वहिनींचे गुडघे जिना चढू देत असतील आणि आर्णीत सोयाबीनचं पीक हाती आलं असेल अशी आशा आहे. इकडे मी ठीक. कुंदाचं खाली लिहितो. फोनच करणार होतो, पण आमच्या घरात फोनवर तुमचं नाव निघालं की कुंदा खोलीबाहेर जाते आणि दाराच्या मागे उभी राहून सगळं ऐकते. म्हणून पत्र.

कुंदाच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. दिवाळीनंतर नागपूरला ऑपरेशन ठरलं आहे. डॉक्टर म्हणतात, आजकाल हे रोजचंच झालं आहे, काळजी करू नका. मी काळजी करत नाही, फक्त झोपत नाही. कुंदानं मात्र कपाटं आवरायला घेतली आहेत. कोणती पैठणी सुनेची आणि कोणती मुलीची हे ती सहज बोलल्यासारखं सांगून टाकते, आणि मी सहज ऐकल्यासारखं करून मागच्या अंगणात जाऊन उभा राहतो. परवा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "नागपूरच्या आधी एकदा आर्णीला जाऊन आले असते." एवढंच. पुढे तिनं मेथीच्या काड्यांकडे लक्ष दिलं.

आता आर्णी काही परदेश नाही. दारव्ह्याहून जीप मिळते, एसटी मिळते, मुलगा पुण्याहून गाडी पाठवतो म्हणतो. पण तुम्हाला तुमचं वाक्य आठवत असेल. अण्णासाहेब गेल्यावर वाटण्या झाल्या तेव्हा कुंदानं घर मागितलं नाही, वावर मागितलं नाही, फक्त वडिलांची अ‍ॅम्बेसेडर मागितली. तुम्ही भर अंगणात म्हणालात, "ने गाडी. पण आता माहेरी येशील तर याच गाडीत बसून ये, नाही तर येऊ नको." तिनंही भर अंगणात "बरं" म्हटलं. रागाच्या भरात माणूस बोलून जातो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार असलीच तर गाडीबद्दल आहे. तिनं आम्हाला दारव्ह्यापर्यंत आणलं, आमच्या फाटकातून आत घेतलं आणि शेवग्याच्या झाडाखाली जी बसकण मारली ती आजतागायत. तेव्हापासून तुमच्या बहिणीला माहेर नाही. (जीपनं येण्याचा मुद्दा मी काढून पाहिला. तिनं ज्या नजरेनं पाहिलं तिचं वर्णन पत्रात करता येत नाही.)

तेव्हा मी ठरवलं की नागपूरच्या आधी ही गाडी चालू करायची. आयुष्यभर कोषागारात दुसऱ्यांची बिलं तपासली, हाताला कधी तेल लागलं नाही, पण माणसानं कधीतरी सुरुवात करायला हवी. मदतीला रूपसिंगला बोलावलं. हा स्टँडवरच्या काळ्या-पिवळ्या जीपा दुरुस्त करतो, जवळच्या तांड्यावर राहतो, आणि आत्मविश्वासाच्या बाबतीत जिल्ह्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. त्यानं बॉनेट उघडलं, तेलात काडी बुडवली, ती चहासारखी पांढुरकी निघाली, आणि तो म्हणाला, "साहेब, पाणी तेलात मिसळून राह्यलं. हेड उघडा लागते. दोन तासाचं काम हाय." हे दोन तास अजून चालू आहेत.

तुम्हाला यंत्राची माहिती नसेल म्हणून सांगतो. (मलाही नव्हती, आता नको तेवढी झाली आहे.) इंजिनाच्या वर एक जड लोखंडी झाकण असतं, ते हेड. ते खालून उभ्या असलेल्या जाड सळ्यांमध्ये ओवलेलं असतं, आणि वरून नटांनी आवळलेलं. त्या सळ्यांना स्टड म्हणतात. नट सगळे निघाले. स्टडही मुकाट्यानं सुटले, एक सोडून. त्या एकानं गंजून हेडला अशी मिठी मारली की आम्ही दोघांनी दोन बाजूंनी पहारी लावल्या तर गाडी उचलली गेली, हेड नाही. तो हलेना, बोलेना, आणि आपली चूक मान्य करेना. हा स्टड तुमच्या घराण्यातला असावा असं मी कुंदाजवळ बोललो. ती हसली नाही, पण रागावलीही नाही, यावरून काय ते समजा.

आधी रॉकेल पाजलं. मग कुठलंसं परदेशी तेल, जे मुलानं पुण्याहून पाठवलं. सोबत एक व्हिडिओही पाठवला, त्यात एक गोरा मनुष्य शीळ वाजवत असाच स्टड चिमटीनं काढून दाखवतो. रूपसिंगनं तो व्हिडिओ गंभीरपणे पाहिला आणि म्हणाला, "त्याचा गंजेल नाही, साहेब. रंगवेल हाय." मग त्यानं स्टडच्या मुळाशी साचलेला थर छन्नीनं खरवडायला घेतला. वर काळा, खाली पिवळा, त्याखाली लाल, पुन्हा पिवळा. त्यानं चिमटीत घेऊन वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. ती हळद होती. आणि कुंकू.

इथे एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही ती सांगणं भाग आहे. दर खंडेनवमीला घरोघर अवजारांची, वाहनांची पूजा होते. लोक चाकाशी नारळ फोडतात आणि मोकळे होतात. कुंदाचं तसं नव्हतं. ती बॉनेट उघडायला लावायची, इंजिनाला हळदकुंकू वाहायची, आणि नारळ फोडून त्याचं पाणी थेट इंजिनावर सोडायची. मी एकदा म्हटलं, चाकावर सोड. तर म्हणाली, "चाकाचं काय अडलंय? अडलंय ते आत. तिथं पोचलं पाहिजे." दरवर्षी ती हात जोडून काहीतरी पुटपुटायची. मी कधी विचारलं नाही, कारण गाडी चालू होऊ दे, यापलीकडे ती काय मागणार. ते पाणी दरवर्षी तिथेच मुरलं, त्या एका स्टडच्या मुळाशी, जो पूजेच्या वेळी नेमका तिच्या हाताशी यायचा.

हा गंज त्या पाण्याचाच, हे रूपसिंग मला हळू आवाजात सांगत होता. हळू म्हणजे जीपच्या इंजिनावरून ऐकू जाईल एवढ्या. कुंदा चहा घेऊन मागे उभी होती. तिनं कप बॉनेटच्या कडेवर ठेवले आणि रूपसिंगला म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मीच अडकवून ठेवली का रे ही?" दिगंबरराव, मी कोषागारात भल्याभल्यांना कोरडेपणानं नकार दिलेला माणूस आहे, पण त्या क्षणी मी नुसता पाना पुसत राहिलो. रूपसिंग मात्र म्हणाला, "छे मावशी! कोण म्हणते? नारळाच्या पाण्यानं लोखंड मजबूत होते. म्हणून तर निंगून नाही राह्यला!" इतकी बेधडक थाप मी आयुष्यात ऐकली नाही, आणि इतकी मोलाचीही. कुंदा आत गेली. 

पुढचं थोडक्यात लिहितो. स्टडवर दोन नट एकमेकांवर घट्ट आवळले आणि खालच्या नटाला पाना लावून फिरवायला घेतलं. गॅसच्या जाळानं तो लाल केला. (वर्षानुवर्षांच्या कापराची काजळी पेटल्यामुळे आवारात देवळाचा वास सुटला आणि शेजारच्या बाई प्रसादाला आल्या.) मग कर्र असा आवाज झाला आणि पाना किंचित फिरला. रूपसिंग ओरडला, मी ओरडलो, कुंदानं आतून साखरेचा डबा आणला. तिनं दोघांच्या हातावर साखर ठेवली आणि लगेच वर जाऊन बॅग काढली. तिची ती निळी बॅग. खाली येईपर्यंत स्टड मधोमध मोडला होता. अर्धा पान्यात, अर्धा हेडात. आम्ही दोघं साखर तोंडात धरून उभे होतो. ती म्हणाली, "काही हरकत नाही," आणि बॅग तशीच दाराशी ठेवली. ती बॅग अजून दाराशीच आहे. केर काढताना ती उचलून पुन्हा तिथेच ठेवते.

पण मी हार मानली नाही. रूपसिंगनं वेल्डिंगचं यंत्र आणलं, उरलेल्या तुकड्याच्या टोकावर नवा नट जोडून टाकला, तो लाल असतानाच आम्ही दोघं लांब पाइप लावून लोंबकळलो, आणि आज सकाळी तो स्टड निघाला. उरलेला सबंध निघाला, मुळासकट. हेड उचललं गेलं. ही आनंदाची बातमी तुम्हाला सर्वांत आधी कळवावी म्हणून हे पत्र. दुसरं काही मागणं नाही. वहिनींना नमस्कार सांगावा, आणि तुम्ही पथ्यानं राहावं.

आपला,
कमलाकर

ता. क. हेड उचललं तेव्हा खाली इंजिनाला आरपार तडा दिसला. रूपसिंगनं टोपी काढली. ही गाडी आता स्वतःच्या बळावर कधी चालणार नाही. हे कुंदाला मी अजून सांगितलेलं नाही.

आणखी ता. क. कोषागारातल्या सवयीनं तुमच्या अटीचा मी पुन्हा पुन्हा विचार केला. याच गाडीत बसून यावं, एवढीच अट आहे. इंजिन चालू असावं असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. चाकं चारही धड आहेत, हवा भरून घेतो. तुमच्याकडे ट्रॅक्टर आहे. तेव्हा खरं मागणं असं की तुम्ही स्वतः ट्रॅक्टर घेऊन या, दोर बांधा, आणि बहिणीला गाडीत बसवून आर्णीपर्यंत ओढत न्या. मुलीला माहेरी न्यायला भाऊ मुराळी म्हणून येतो, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. लोक हसतील. हसू द्या. स्टिअरिंगवर मी बसतो.

नाना, मी कुंदा लिहितेय. तुला लिहिलेलं हे पाकीट यांनी देवघरात लपवलं होतं. देवघरात मी किती वेळा जाते हे यांना इतक्या वर्षांत कळलं नाही. तड्याचं मला सकाळीच समजलं, रूपसिंगला हळू बोलता येत नाही. ट्रॅक्टर शोधत बसू नको. नागपूरहून काल फोन आला, डॉक्टरांनी दिवाळीच्या आधीच बोलावलं आहे. यांना सांगितलं नाही, इंजिनात डोकं घालून आहेत तोवर बरे आहेत. तू जे मिळेल त्यानं ये. गाडी ओढ नाही तर नको ओढू, मी तुझ्याबरोबर एसटीनंही निघते. मुराळ्याला पुरणाचा स्वयंपाक करावा लागतो, पण मला आता तेवढा वेळ उभं राहवत नाही. वरण-भात मिळेल. ये.
— कुंदा