श्वास घ्यायची जागा

मास्तर, तुम्ही दिलेली वही आज पुन्हा काढली. फुटबॉलचे मराठी शब्द तुम्ही त्यात शाईने लिहून दिले होते. ऑफसाइडला तुम्ही 'आगाऊ' म्हटलं होतं. 'आगाऊ खेळाडू' हे मी रेडिओवर बोललो तर त्याची आई भांडायला येईल, म्हणून आपण दोघे किती हसलो होतो! शेवटच्या पानावर एवढंच आहे : 'गोल झाला. इथे श्वास घ्या. मग खेळाडूचे नाव.'

इथली राजभाषा मराठी की कोंकणी, या आंदोलनाची ती वर्षं. मोठ्या सामन्याचं समालोचन दिल्लीहून सगळ्या केंद्रांना जोडलेलं असे, हिंदी आणि इंग्रजी. त्यातली शेवटची पंधरा मिनिटं आमचं केंद्र स्वतःकडे घेई आणि त्या मोसमात ती मराठीत होती, माझ्या तोंडी होती. सभांमधून मी गरजायचो की ज्या भाषेत आमच्या पिढ्या ओव्या म्हणत आल्या, तिला या भूमीत पाहुणी म्हणणारा तू कोण? ती पंधरा मिनिटं म्हणजे त्या प्रश्नाचं जिवंत उत्तर, असं तुम्ही म्हणायचात. हळर्णच्या घरात आई रेडिओला कान लावून बसे. मी परतलो की म्हणे, "बरो उलयताय, पूण कोणाकडेन तां कळना." बोलतोस छान, पण कुणाशी ते कळत नाही, असं. मी चिडायचो.

आणि तो अंतिम सामना. बांबूंच्या माचीवर मी बसलोय, माइक हातात, बरोबरी सुटत नाही. आमचा पोरगा डावीकडून सुटतो, एकाला चुकवतो, दुसऱ्याला चुकवतो, आणि माझ्या तोंडून निघतं, "मारलो मरे! आमच्या भुरग्यान मारलो!" तिथेच थांबलो असतो तर निभावलं असतं. पण शेवटची शिट्टी होईपर्यंत मी तसाच बोलत राहिलो, पेडण्याच्या कोंकणी बोलीत, घरच्यासारखा. घरी पोचलो तेव्हा आई उंबऱ्यावर उभी होती. "आयज तूं माझ्याकडेन उलयलोय," म्हणाली.

चार दिवसांनी केंद्रावरच्या साहेबांनी बोलावलं. पुढच्या मोसमापासून ही पंधरा मिनिटं कोंकणीत, आवाज मात्र तुमचाच हवा, म्हणाले. मी तसाच कोरगावला तुमच्याकडे आलो. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला होता. वर न बघता म्हणालात, "ज्याचा जिभेवर ताबा नाही तो वक्ता कसला? शत्रूला आयतं कोलीत दिलंस." मी म्हणालो, "जीभ घसरली, मास्तर." "मग तेच चारचौघांत सांग. आणि त्यांना नकार कळव." एवढं शुद्ध, काटेकोर मराठीत बोलून तुम्ही चुलीकडे वळलात आणि बायकोला म्हणालात, "अगो, तेका पेज वाड गो." मी ऐकलं. तुम्ही कोणत्या बोलीत बोललात ते तुमच्या ध्यानातही आलं नाही. समोरची पेज मी खाली मान घालून खाल्ली. हजारांच्या सभेला न घाबरणारा मी, तिथे एक प्रश्न विचारू शकलो नाही.

रविवारी डिचोलीच्या सभेत मी उभा राहिलो तर मागच्या रांगेतून कुणी ओरडलं, "मारलो मरे!" मैदान हसलं. माझा पारा चढला. "ती जिभेची चूक होती!" मी गरजलो. "यापुढे हा आवाज रेडिओवर ऐकू येईल तर मराठीतच, नाहीतर कधीच नाही!" टाळ्या थांबेनात. तुम्ही पहिल्या रांगेत डोळे पुसत होता. टाळ्यांच्या आवाजात दाराची कडी लागलेली ऐकू येत नाही.

कोंकणी राजभाषा झाली, वेगळं राज्य झालं. ती पंधरा मिनिटं मराठीत परत कधी आली नाहीत आणि माझा शब्द मला मागे घेता आला नाही. ज्याच्यासाठी टाळ्या घेतल्या तो शब्द माणूस मोडणार कसा? आई गेली तोवर रेडिओवर दुसरेच आवाज होते. ती ऐकायची, पण त्यांच्याबद्दल माझ्याशी कधी बोलली नाही.

मराठीवरचा माझा हक्क मी आजही सोडलेला नाही, मास्तर. उद्या कुणी सभेला बोलावलं तर तेच बोलेन, तितक्याच जोराने. आता टीव्हीवर खेळांच्या कितीतरी वाहिन्या आहेत, हवी ती भाषा निवडा म्हणतात. मी आवाज बंद करून सामना बघतो. काल आमच्या एका पोराने गोल मारला आणि मी खुर्चीतून उठून ओरडलो. बायको आतून म्हणाली, "हळू, शेजारी ऐकतील." मी गप्प बसलो. स्वतःच्या घरात.

हे पत्र तुमच्या वहीत, त्या शेवटच्या पानाशी ठेवतोय. तुम्ही असता तर दिलं नसतं. जीभ घसरली, हे मी तुम्हाला खोटं सांगितलं. श्वास घ्यायची जागा मला त्या दिवशी आठवली होती, स्पष्ट आठवली होती. मला थांबायचं नव्हतं.