बटणांऐवजी इलॅस्टिक

प्रिय धाकट्या,

तुझ्या तिन्ही पँटी मिळाल्या. पोट सुटलंय म्हणून पुढची बटणं काढून कंबरेला इलॅस्टिक लाव, असं लिहिलंयस. त्याचं मागाहून बोलतो. आधी माझं ऐक, आणि अर्ध्यातच वहिनीला फोन लावू नकोस. त्या यंत्राला ती आधीच विटली आहे.

मला प्रोस्टेटचा कॅन्सर झालाय. टाकलं लिहून एकदाचं! जन्मभर पुरुषांच्या पँटी शिवल्या, गिऱ्हाइकाच्या मांडीला टेप लावताना कधी लाजलो नाही, आणि डॉक्टरांसमोर मात्र 'खाली जरा त्रास होतो' यापुढे जीभ रेटेना. शेवटी वहिनीनेच सगळं घडाघडा सांगितलं. मी आपला पंख्याकडे बघत बसलो.

खरी दमछाक पुढेच झाली. शस्त्रक्रिया या आजाराच्या तज्ज्ञाकडेच करा, असं आमच्या डॉक्टरांनी बजावलं. विमा कंपनी म्हणाली, तो आमच्या यादीत नाही, यादीतल्या सर्जनकडे जा. गेलो. तो बिचारा भला माणूस. हे माझं काम नव्हे म्हणाला आणि तसं लिहूनही दिलं. तरी कंपनीचं पालुपद तेच. दर फोनला नवा माणूस, दर माणसाला पहिल्यापासून रामायण! राग तर यायचाच, पण भीती त्याहून जास्त. आपण फोन धरून थांबलोय, पोटातलं ते थांबलंय का, हेच सारखं मनात यायचं. एक दिवस वहिनी भडकली. स्वतःच्या लग्नाचा सूट गादीवाल्याकडे शिवायला टाकाल का, असं तिने पलीकडच्याला विचारलं. तो हसला, आणि त्यानेच आमचा कागद त्यांच्या मोठ्या डॉक्टरांपुढे ठेवला. आज सकाळी मंजुरी आली. वहिनी ढसाढसा रडली, आणि मी रडत नाही म्हणून माझ्यावरच चिडली.

जरा हलकं वाटावं म्हणून मशीनवर बसलो. तुझी पहिली पँट घेतली, दोन बटणं उसवली आणि हात थांबला. पोट सुटलं म्हणतोस, मग कंबर वाढवायला का नाही सांगितलीस? कंबरेची शिवण तर कुठेच ताणलेली नाही. धाकट्या, लघवीला धावताना बटणं काढण्याइतकाही दम ज्याला धरवत नाही, त्याला हे असलं इलॅस्टिक लागतं. डॉक्टरकडे जाण्याआधी मीही माझ्या सगळ्या पँटींना गुपचूप तेच लावलं होतं.

सख्ख्या भावाला तपासून घ्या, असं तज्ज्ञांनी सांगितलंच आहे. कदाचित काहीच निघणार नाही, वयाचंच असेल. मग मला खुशाल हस. पण पँटी मी पोस्टाने पाठवणार नाही. महिनाअखेरीस माझी शस्त्रक्रिया आहे, आणि तिच्या आदल्या दिवशी त्याच डॉक्टरांकडे तुझ्या नावाने वेळ घेऊन ठेवली आहे. उसवलेली बटणं परत लावलीत. येऊन घेऊन जा. लाज वाटली तर तूही पंख्याकडे बघ, सांगायला वहिनी आहे.

तुझाच,
दादा